डावीकडचं चित्र

गिऱ्हाइकाला काय हवंय ते गिऱ्हाइकाला माहीत नसतं, असं माझं मत आहे, आणि मी ते तोंडावर सांगतो. म्हणून माझ्याकडे गिऱ्हाइकं बेताचीच. मी वेबसाइटी बनवतो. मध्यंतरी एका दातांच्या डॉक्टरांना पान मधोमध दोन भागांत हवं होतं. डावीकडे त्यांचा फोटो कायम जागच्या जागी, उजवीकडे माहिती खालीवर सरकणार. म्हणजे माणसाने दात कोरण्याबद्दल वाचत खाली खाली जायचं आणि डॉक्टरांनी त्याच्याकडे शेवटपर्यंत रोखून बघायचं. मी नाक मुरडलं, पण पान केलं. चांगलं झालं. एक बाजू थांबलेली आणि दुसरी चालती, हा प्रकार जमला की बघायला सुरेख वाटतो.

हे सांगायचं कारण माझी ताई. ताई माझ्याहून बरीच मोठी. कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कटिंग मास्टर आहे. कारखान्यात तिला कोणी नावाने हाक मारत नाही, नुसतं ‘मास्टर’ म्हणतात. लग्नाच्या आधीपासून ती त्या एकाच टेबलापाशी उभी आहे. घरी ती कोणाची आई, कोणाची मामी, कोणाची ‘अगं ऐकलंस का’. टेबलापाशी मात्र तिच्या खडूच्या रेघेवरून चार शिवणारणींचा दिवस ठरतो. तिला हे पक्कं माहीत होतं आणि त्याचा तिला गर्व होता. मला तो गर्व फार आवडायचा.

मग तिला मेंदूचा झटका आला. डावा हात, डावा पाय लुळे पडले. बोलणं मात्र एक दिवसही गेलं नाही. दवाखान्यात पडल्या पडल्या तिने नर्सच्या गणवेशाची बाही कुठे चुकलीय ते नर्सला समजावून सांगितलं. हळूहळू हात वळायला लागला, पाय उचलायला लागला. आम्ही डोळ्यात तेल घालून तो हात आणि तो पाय बघत बसायचो. ते दोन्ही परत आले तेव्हा आमच्या लेखी ताई परत आली.

ती कामावर गेली आणि चुका सुरू झाल्या. एक जाकीट शिवणारणीच्या हाती पडलं तेव्हा त्याला एकाच बाजूचा खिसा होता. एका कोटाची एक बाही कापायचीच राहिली. मालकीणबाई पहिल्यांदा हसल्या, दुसऱ्यांदा गप्प बसल्या. मग चौकडीचं एक भारी कापड वाया गेलं, तेव्हा त्या ताईच्या घरी आल्या, चहा घेतला आणि आवाज न चढवता बोलल्या. ताईच्या आजारपणात त्यांनी बदली कटर ठेवला होता, तो अजून होताच. मालकीणबाई म्हणाल्या, “पुढच्या सोमवारी या. चौकडीचा एक कोट, ऑर्डर वाचण्यापासून कापण्यापर्यंत, एकटीने. जमला तर टेबल तुमचं. नाही जमला तर मला त्याला कायम करावं लागेल.”

त्यांचं काही चुकत नव्हतं, हाच तर त्रास होता. चुकत असतं तर मी भांडलो असतो. भांडण मला चांगलं येतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेलो. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली की हात ठीक आहे, कात्री ठीक आहे, घोटाळा त्या टॅबमध्ये आहे. कारखान्यात ऑर्डर टॅबवर येते. वर कोटाचं चित्र, त्याखाली मापांचा लांबलचक तक्ता. ताई म्हणाली की खाली तिला नुसते आकडे दिसतात. कशाचे आकडे ते कळत नाही, म्हणून ती चित्र बघायला वर जाते, आणि खाली परत येईपर्यंत सगळं विसरते.

“डोक्यात काही राहत नाही रे बारक्या,” ती म्हणाली. “म्हातारी झाले.”

मी पोटाने आणि वयाने चांगला भरलेला असूनही ताईसाठी बारक्याच आहे. तिने ‘म्हातारी’ म्हटलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मी मनातून खूश झालो. चित्र वर निघून जातं म्हणून गोंधळ होतो, एवढंच ना? मग चित्राला जागच्या जागी थांबवायचं. डावीकडे चित्र, कायम. उजवीकडे मापं, सरकती. हा तर माझ्या हातचा मळ. आजवर हे मी दातांच्या डॉक्टरांसाठी केलं होतं, आता पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगाला येणार होतं.

मालकीणबाईंनी ऑर्डरींची माहिती बिनबोभाट दिली. मी ऑफिसात बसून पान मांडलं. पडद्याचे दोन उभे भाग. डाव्या भागाची उंची पडद्याएवढी, आणि त्याला सांगायचं, बाबा रे, वरच्या कडेला चिकटून राहा, बाकीचं काही का हलेना. काम दुपारपर्यंत झालं. बोटाने पान वर ढकलून बघितलं, तर मापांबरोबर चित्रही निमूटपणे वर निघून गेलं.

माझं डोकं फिरलं. सांगितलेलं बरोबर होतं, तरी चिकटत नव्हतं. वेबसाइटचं पान म्हणजे एकात एक बसवलेले डबे, ते एकेक करून उघडत, बंद करत मी बाहेर बाहेर आलो आणि सगळ्यात बाहेरच्या डब्यावर एक ओळ सापडली, ‘तुझ्याबाहेर जे सांडेल ते झाकून टाक’ अशा अर्थाची. दिसायला गरीब ओळ. पण ती असली की आतला भाग पडद्याला चिकटायचं सोडून त्या डब्यालाच धरून बसतो, आणि डबा तर पानाबरोबर वर जातोय. असला आळशीपणा कोण करून ठेवतं म्हणून मी मोठ्याने शिवी दिली, आणि मग लक्षात आलं की या पानावर माझ्याशिवाय कोणाचा हात फिरलेला नाही. सकाळी पान आडवं थोडं हलत होतं, ते झाकायला ती ओळ मीच घातली होती. ओळ काढली. चित्र थांबलं. मापं सरकली, बाही गेली, छाती आली, कॉलर आली, आणि कोट डावीकडे निवांत उभा. बघून मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी टॅब घेऊन ताईकडे गेलो. ती जेवणाच्या टेबलापाशी बसली. समोर भाऊजी एका किल्लीला कानस मारत होते. भाऊजी कुलपं दुरुस्त करतात, आणि बोलणं त्यांना कानस मारण्याहून जड जातं. ताईने पान खालीवर केलं. तिचा चेहरा खुलला. मापं स्वच्छ दिसताहेत म्हणाली, नावासकट, बाही, पाठ, खांदा, सगळं. माझ्या पाठीवर थाप मारली.

मग म्हणाली, “आणि चित्र कुठाय?”

मी म्हटलं, समोर आहे. ती म्हणाली, थट्टा पुरे. मी टॅब माझ्याकडे वळवला, चित्र होतं. तिच्याकडे दिला, तिला नव्हतं. मी म्हटलं की तिच्या हातात टॅब तिरका होत असेल, त्याने पान बिघडत असेल. असा काहीतरी बिघाड असणार याची मला खात्री होती. दुपारी एक सापडला होता, तेव्हा दुसरा असायलाच हवा.

पुढचे दोन दिवस मी त्या बिघाडाच्या मागे लागलो. चित्र जड असेल म्हणून हलकं केलं. टॅब जुना म्हणून जुन्या टॅबला समजेल असं लिहिलं. टॅब उभा धरला, आडवा धरला, उन्हात धरला, झटकून बघितला. चित्र हटायला तयार नाही. एवढं खंबीर पान मी जन्मात केलं नव्हतं. परत ताईकडे गेलो तर ताईचं पहिलं वाक्य, “अजून चित्र नाहीच आलं का?”

या वेळी मी भाऊजींना उठवून बघायला लावलं. त्यांनी ताईच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि मान डोलावली. चित्र होतं. ताईचा पारा चढला.

“तुम्ही दोघं मिळून मला वेडी ठरवताय का?” ती म्हणाली. “सोमवार तोंडावर आलाय आणि तुम्हाला खेळ सुचतोय.”

आमच्या धंद्यात काही सुचेनासं झालं की दोन गोष्टींची अदलाबदल करून बघायची, अशी एक सवय असते. त्यात अक्कल नसते, नुसती सवय. मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि एक शब्द बदलला. टॅबवर चित्र उजवीकडे गेलं आणि मापं डावीकडे आली.

“हां! आलं बघ,” ताई म्हणाली. बोट चित्रावर ठेवून तिने कॉलर निरखली, खिशाची पट्टी निरखली. “छान उभा राहिलाय कोट. पण मापं का काढलीस? आत्ता तर होती.”

बिघाड पानात नव्हता. मी हळूच म्हटलं, ताई, टॅबच्या डाव्या कडेवर बोट ठेव बरं. तिने जराही न अडखळता बोट ठेवलं. ते टॅबच्या मधोमध होतं, माझे दोन भाग जिथे एकमेकांना भेटतात त्या रेघेवर.

“ठेवलं,” ती म्हणाली. “का रे?”

गेल्या काही महिन्यांतलं सगळं एकदम समोर आलं. तिच्या ताटात अर्धं अन्न उरायचं, आम्ही म्हणायचो भूक मेली. केस एकाच बाजूने विंचरलेले, आम्ही म्हणायचो हात दमतो. दाराच्या चौकटीला खांदा धडकायचा, आम्ही म्हणायचो अशक्तपणा. दर वेळी आमच्याकडे उत्तर तयार. आणि मी तर सगळ्यात हुशार, मी त्यावर वेबसाइट बनवली.

भाऊजींनी कानस खाली ठेवली. “जेवताना मी ताट फिरवतो,” ते मला म्हणाले. “फिरवलं की उरलेलं खाते. का खाते, ते कळलं नव्हतं.” डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही ते तिला नेऊन आले होते, डोळे ठणठणीत निघाले होते.

तिला सांगायचं कसं? जे दिसत नाही ते नाहीच, असं ज्याला वाटतं त्याला तुझं काहीतरी हरवलंय म्हणून सांगून पटत नाही. ती समोर आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. मी पान परत पहिल्यासारखं केलं, चित्र डावीकडे. तिचा डावा हात हातात घेतला आणि टॅबच्या खऱ्या कडेवर ठेवला. म्हटलं, तुझा हात कुठे आहे तो शोध. तिने मान वळवली, थोडी, मग आणखी थोडी, मग खांद्यापासून सगळी वळली. आणि थांबली.

“हे आत्ता टाकलंस ना?” तिने विचारलं.

“नाही ताई. मघापासून इथेच होतं.”

“खोटं बोलतोस.”

तिने भाऊजींकडे बघितलं. भाऊजी म्हणाले, “इथेच होतं गं.” त्यांच्यावर तिचा विश्वास आहे, कारण ते काही बोलले की विचार करूनच बोललेले असतात. ताईने त्या कोटाच्या चित्रावरून कॉलरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. रडली नाही. मी मात्र नाक पुसत होतो.

मग तिने विचारलं, “आणखी काय काय आहे तिकडे?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला दवाखान्यातल्या थेरपिस्ट बाईंकडे नेलं. त्यांनी तिला एका कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. ताईने गोल काढला आणि सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले. वर विचारलं, जागा एवढी कमी का दिली. बाईंनी समजावलं की डोळे बघतात, पण डाव्या बाजूचं बघितलेलं मेंदू मोजतच नाही. त्यामुळे काही सुटलंय असं आतून कधी वाटत नाही, समोरचं चित्र नेहमी पूर्णच वाटतं. सवयीने बरंच सुधारतं, म्हणाल्या. त्यांनी युक्तीही दिली. डाव्या कडेला एक जाड लाल पट्टी ठेवायची आणि ती लाल दिसेपर्यंत डोळे आणि मान डावीकडे नेत राहायचं. लाल दिसल्याशिवाय ओळ वाचायला सुरुवातच करायची नाही.

मला ती युक्ती फार लांबची वाटली. सोमवारच्या आधी मध्ये दोनच दिवस उरले होते. मी ऑफिसात गेलो आणि माझी अक्कल चालवली. चित्र आणि मापं दोन्ही उजव्या अर्ध्यात बसवली, वर चित्र थांबलेलं, खाली मापं सरकती, आणि डावा अर्धा भाग सरळ रिकामा सोडून दिला. तिला जिथे दिसतं तिथेच सगळं. मोठ्या ऐटीत तिला नेऊन दाखवलं. तिला सगळं दिसलं. पान आवडलंसुद्धा. मग तिने टॅब बाजूला ठेवला.

“हे सरकवलंस,” ती म्हणाली. “टेबल कुठे सरकवशील?”

माझी ऐट उतरली. तिचं टेबल लांबच्या लांब आहे, आणि ती कुठेही उभी राहिली तरी त्याला एक डावी बाजू राहणारच.

मग मी चित्र परत डावीकडे नेलं. त्याच्याही डावीकडे, अगदी कडेला, वरपासून खालपर्यंत जाड लाल पट्टी घातली. पट्टी आणि चित्र थांबलेली, मापं चालती. आधी ते चित्र मी तिची सोय म्हणून तिथे ठेवलं होतं. आता ते तिथे होतं कारण तिने रोज, दर ओळीला, तिथपर्यंत जायला हवं होतं. पान जवळपास तेच. मी दोन दिवस ज्याच्यातला बिघाड शोधत होतो तेच.

शनिवार-रविवार तिने सराव केला. लाल, चित्र, माप. लाल, चित्र, माप. सुरुवातीला ती लाल पट्टीपर्यंत न जाताच ‘लाल’ म्हणायची आणि भाऊजी नुसतं खाकरायचे. मग ती चिडायची, त्यांच्यावर, माझ्यावर, त्या कोटावर. एकदा तर टॅब उपडा घालून उठून गेली, आणि पाणी पिऊन परत आली. रविवारी संध्याकाळी तिच्या पाच ओळींतल्या चार नीट होऊ लागल्या. मी तिला बजावलं की मालकीणबाईंना यातलं काही सांगायचं नाही, कोट कापून दाखवायचा आणि विषय मिटवायचा. तिने टॅब पुढे ओढला आणि पुढची ओळ घेतली.

आणखी एक शहाणपणा मी सुचवला होता. कारखान्यातल्या टेबलाच्या डाव्या कडेलाही गुपचूप लाल टेप लावू. ताई म्हणाली, त्यावर कापड पसरणार, टेप झाकली जाणार. मला हे सुचायला हवं होतं.

सोमवारी पानाचं काही अडलं तर जवळ असावा म्हणून मला आत येऊ दिलं. कारखाना म्हणजे एक लांब खोली, खिडक्यांखाली शिवणयंत्रांची रांग आणि मधोमध ताईचं टेबल. बदली कटर भिंतीला टेकून उभा होता, गळ्यात मापाची टेप. भला माणूस होता, त्याने ताईला वाकून नमस्कार केला आणि ओशाळून परत भिंतीला लागला. मालकीणबाई स्टुलावर बसल्या. शिवणारणींची यंत्रं चालू होती, पण टाके कोणी बघत नव्हतं.

ताईने टॅब समोर उभा केला आणि वाचायला लागली. लाल, चित्र, माप. दर ओळीला तिची मान खांद्यासकट डावीकडे जाऊन परत येत होती. घरी ते एवढं उठून दिसलं नव्हतं. मालकीणबाईंनी विचारलं, मान दुखतेय का मास्टर?

“मान ठीक आहे,” ताई म्हणाली. “झटक्यापासून डावीकडचं माझ्या लक्षातच येत नाही. जाऊन बघून यावं लागतं.”

झालं. जे झाकायला मी एवढा आटापिटा केला होता ते तिने वाचता वाचता सांगून टाकलं. भिंतीला टेकलेला कटर सरळ उभा राहिला. एका कोपऱ्यातलं यंत्र थांबलं. मालकीणबाईंनी फक्त हाताने खूण केली, चालू द्या.

मापं वाचून झाली. ताईने कागदी नमुने घेतले. साधं कापड दुहेरी घडी घालून कापतात, दोन्ही बाजू एकदम निघतात. चौकडीचं तसं चालत नाही. चौकड्या शिवणीवर जुळायला हव्यात, म्हणून कापड एकेरी पसरतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा मांडून खडूने आखतात. सगळे तुकडे आखून होईपर्यंत कात्री लावायची नाही, कारण एकदा कात्री फिरली की राहिलेल्या तुकड्याला जुळणारी चौकडी उरत नाही. ते आधीचं भारी कापड असंच गेलं होतं. हे सगळं ताईनेच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि आता ते माहीत नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं.

कापड पसरताना अडचण नको म्हणून तिने काही नमुने उचलून डाव्या हाताला ठेवले. मी ते ठेवताना बघितलं. मग तिने पाठीचा भाग मांडला, उजवा पुढचा भाग मांडला, एक बाही मांडली. खडू चालायला लागला. ती रेघ बघण्यासारखी होती, न थांबणारी, एकदाच आणि तीच शेवटची. ताई मला मास्टर दिसली. मी एवढा रमलो की ती थांबली ते मला उशिरा कळलं.

ती कापडाच्या मध्यावर थांबली होती. डावा अर्धा भाग कोरा होता. त्याच्यापलीकडे डावा पुढचा भाग, दुसरी बाही आणि खिशाची पट्टी कागदांच्या गठ्ठ्यात तशीच पडून होती. टॅबवरची लाल पट्टी टॅबवर होती. माझ्या पानाचं इथे काही काम नव्हतं.

ताईने आखलेलं सगळं एकदा नजरेखालून घातलं. चेहरा समाधानी होता. तिने कात्री उचलली. मी तिच्या डावीकडेच उभा होतो, नुसतं खाकरलो असतो तरी पुरलं असतं. मालकीणबाई तिच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी दात घट्ट मिटून घेतले. कात्रीचं पातं कापडाखाली गेलं.

मग ते बाहेर आलं. तिने कात्री टेबलावर ठेवली.

“मला वाटतंय झालं,” ताई मोठ्याने म्हणाली. “म्हणजे झालं नसणार.”

यंत्रं एकामागून एक थांबली. ताईने डावा हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि तो कडेकडेने पुढे नेऊ लागली. हातामागे मान, मानेमागे खांदा, मग एक पाऊल, मग आणखी एक. कोऱ्या कापडावरून तिची नजर जात होती आणि तिला ते पहिल्यांदा दिसत होतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. केवढं तरी कापड. टोकाशी तिच्या हाताला कागद लागले. तिने एकेक उचलून बघितला. डावा पुढचा भाग हातात आला. तिने तो मांडला, चौकडी जुळवली आणि खडू घेतला.

सगळं आखून झाल्यावर ती परत मध्ये आली. “आताही वाटतंय झालं,” ती म्हणाली, आणि परत कडेला हात लावून टोकापर्यंत जाऊन आली. या वेळी तिथे टेबलाची नुसती कड होती. मग तिने कात्री घेतली.

कापून झाल्यावर मालकीणबाई उठल्या. त्यांनी तुकडे उचलून शिवणीला शिवण लावून बघितली, दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या. ताई बाजूला सरळ उभी होती. मालकीणबाईंनी भिंतीकडच्या कटरला हाक मारली आणि शेजारच्या छोट्या टेबलावर अस्तरं कापायला घे म्हणून सांगितलं. मग त्या ताईकडे वळल्या. म्हणाल्या, काम हळू होईल, त्याची त्यांना कल्पना आहे. भारी कापडाला पहिले काही दिवस त्या स्वतः जवळ उभ्या राहतील.

“आणि ते आत्ता बोललात ना, ते रोज असंच मोठ्याने बोलायचं,” त्या म्हणाल्या. “झालं नसताना झालं म्हणणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत, मास्टर. झालं असं वाटत असताना थांबणारं कोणी नाही.”

ताईने मान हलवली आणि कापलेल्या तुकड्यांची चळत बांधायला घेतली. बांधण्याआधी ती पुन्हा एकदा टेबलाच्या डाव्या टोकापर्यंत जाऊन आली.